पिशवी धरण्याचं काम

मी त्या मुलाच्या मांडीवरची पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात मोठी चूक. याहून मोठी करायची कुवत माझ्यात आहे, पण तशी संधी अजून आलेली नाही.

पिशवी माझी नव्हती, त्या मुलाचीही नव्हती. ती अक्कांची होती. पिशवी उचलण्यात एवढं काय बिघडलं, असं तुम्हाला वाटत असेल तर मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. म्हणून आधी अक्कांबद्दल सांगतो.

आमचं विद्यापीठ जळगावच्या बाहेर, महामार्गाच्या जवळ. तिथे विद्यार्थ्यांसाठी एक कक्ष आहे. पाटीवर त्याचं नाव दीड ओळीचं आहे. मुलं त्याला 'अक्कांची खोली' म्हणायची. एखाद्या मुलाचा जीव त्याला नकोसा झाला, एखादी मुलगी परीक्षेच्या आदल्या दिवशी श्वास कोंडून थरथरायला लागली, कोणी दार आतून लावून बसलं, की वसतिगृहातून किंवा मित्राकडून फोन यायचा आणि आम्ही जायचं. आम्ही म्हणजे अक्का आणि मी. माझ्याकडे मानसशास्त्राच्या दोन पदव्या, एक पदविका आणि सात कार्यशाळांची प्रमाणपत्रं होती. अक्का त्याआधी वीस वर्षं धुळ्याला एका दवाखान्यात मानसिक रुग्णांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. त्यांच्याकडे पिशवी होती.

जाड खाकी कापडाची, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेली. बंद दोनदा बदललेले, आणि बदललेले बंद वेगळ्या रंगाचे. आत चाव्यांचा जुडगा, चष्म्याची डबी, पाण्याची स्टीलची बाटली, एक नोंदवही आणि बारा महिने छत्री. हिवाळ्यात त्यात भरताची दोन-तीन वांगी असायची, कारण संध्याकाळी घरी मेहरूणला पोचेपर्यंत चांगली वांगी दुसऱ्यांनी उचललेली असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. सकाळी येतानाच त्या घ्यायच्या. त्यामुळे माणसाचा जीव वाचवायच्या अत्यंत गंभीर कामावर आम्ही निघायचो तेव्हा आमच्याबरोबर किलोभर वांगी असायची.

मुलाजवळ पोचल्या की अक्का काही विचारायच्या नाहीत. शेजारी उभ्या राहून जरा धाप टाकायच्या, खांद्यावरची पिशवी काढायच्या आणि सरळ त्याच्या हातात द्यायच्या.

"इतलं धर. मी उनू."

एवढं धर, मी आलेच. मुलगा शहाद्याचा असो की नागपूरचा, पहिलं वाक्य अहिराणीत. मग त्या दहा-बारा पावलं बाजूला जायच्या, चपलेचा अंगठा नीट करायच्या, पदराने तोंड पुसायच्या, एखादा फोन करायच्या. मुलगा नजरेसमोर राहील एवढ्याच लांब. आणि तो पिशवी धरून उभा. दोन मिनिटांपूर्वी जगातलं काहीही धरायला तयार नसलेला माणूस, आता वांगी सांडू नयेत म्हणून बंद आवळून धरतोय.

तुम्ही एस.टी. स्टँडवर कधी बसला असाल तर हे तुम्हाला कळेल. अनोळखी बाई येते, बोचकं तुमच्या पायाशी ठेवते, "भाऊ, जरा लक्ष ठेवा, पाणी भरून आणते" म्हणते आणि निघून जाते. तुमची गाडी लागते, भरते, सुटते. तुम्ही जागचे हलू शकता का? पाचोऱ्याला मी अशा एका बोचक्यापायी दोन गाड्या सोडल्यात. ते बोचकं मधूनमधून हलत होतं, ते निराळंच. कोंबडी होती. पण तिला सोडून जायचं माझ्या मनातही आलं नाही. आणि ज्याला सांगितलं त्यानेच सांभाळायचं असतं. 'मी यांच्याकडे देऊन गेलो' हे उत्तर आमच्याकडे चालत नाही.

हे सगळं मला सुचलं तेव्हा मी फार खूश झालो. तीन पानांचं टिपण लिहिलं. त्यात 'जबाबदारीचं सूक्ष्म हस्तांतर' असा शब्दप्रयोग होता. ते अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊ, माझा खांदा दुखतो हो. आखडलाय दोन वर्षं. कोणी समोर दिसलं की देते पिशवी."

टिपण मी कपाटात ठेवून दिलं. पण हेही सांगतो, की खांदा दुखत असताना अक्कांनी पिशवी मला कधी दिली नाही. मी तर रोज समोर होतो.

त्यांची दुसरी एक पद्धत माझ्या ध्यानात यायला आठ महिने लागले. असा प्रसंग आला की भोवती गर्दी जमते. वॉर्डन ओरडत असतात, मित्र रडत असतात, कोणीतरी मोबाइल काढत असतं. अक्का कोणालाही 'चला, निघा' म्हणायच्या नाहीत. प्रत्येकाला काम द्यायच्या. एकाला लिंबू आणायला, दुसऱ्याला त्यातल्या बिया काढायला, तिसऱ्याला ओला रुमाल. "तुम्हीच जा, दुसऱ्याला जमणार नाही," असं वर सांगायच्या. पाच मिनिटांत मैदान मोकळं. माझ्यावर तर त्यांची खास मर्जी. मला त्या नेहमी सगळ्यात लांबचं काम सांगायच्या: ऑफिसातून रजिस्टर आणा, गावातून अमुक गोळ्या आणा. आपल्यावाचून यांचं पान हलत नाही असं वाटून मी उन्हातान्हात स्कूटर दामटायचो. पुढे एकदा हिशेब लागला, की मी आणलेलं रजिस्टर त्यांनी एकदाही उघडलेलं नाही.

आणि विचारायच्या सरळ. मीही शिकलो होतो, की मरणाबद्दल थेट विचारावं. विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, उलट असलेला बाहेर पडायला वाट मिळते. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. पण समोर माणूस बसला की माझी जीभ आजूबाजूने फिरायची. "तुम्हाला कधीकधी असं वाटतं का, की एकूणच, म्हणजे..." असं. अक्का म्हणजे चहात साखर किती, असं विचारावं त्या आवाजात विचारायच्या: "तुन्हा मनमा मराना इचार येस का?" आणि मुलं उत्तर द्यायची. एक मुलगी तर हायसं वाटल्यासारखी म्हणाली, "येतो, अक्का. कोणी विचारलंच नाही." असं कोणी म्हणालं, की मग अक्का त्याला एकटं सोडायच्या नाहीत. डॉक्टरांकडे स्वतः न्यायच्या, घरच्यांशी बोलायच्या, आणि पुढचे कित्येक आठवडे ठरल्या दिवशी फोन करायच्या.

त्या नोंदवहीत मी एकदा चोरून डोकावलो होतो. वाटलं होतं, काहीतरी गुह्य असेल. आत नावंसुद्धा नव्हती. 'सोमवार: केस धुणार.' 'बुधवार: बहिणीला फोन करणार.' 'शुक्रवार: मेसला जाऊन निदान वरण खाणार.' माणसाने पुढे काय करायचं कबूल केलंय, तेवढंच. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात एक नोंद: 'भाऊ: कमी बोलणार.' त्यापुढे बरोबरची खूण नव्हती.

आता तो दिवस.

एप्रिल महिना, गुरुवार, दुपारी तीनचा सुमार. त्या वेळी जळगावात कुत्रंही सावली सोडत नाही. वसतिगृहातून फोन आला, की रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा सकाळपासून आपल्या वस्तू वाटतोय. बादली एकाला, पुस्तकं दुसऱ्याला. खोलीतल्या जोडीदाराला टेबलफॅन मिळाला, तेव्हा तो आधी खूश झाला. पण मग मुलाने मनगटावरचं घड्याळही काढून हातात ठेवलं, तेव्हा जोडीदार घाबरला. फोन त्यानेच केला होता.

आम्ही गेलो. मुलगा ग्रंथालयाच्या मागच्या कडुनिंबाखाली बाकावर बसला होता. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला; सडपातळ, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. अक्कांनी धाप टाकली, पिशवी दिली. "इतलं धर. मी उनू." त्याने धरली. मग त्या येऊन त्याच्या शेजारी बसल्या. समोर त्या कधी बसायच्या नाहीत. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

बसतोय तेवढ्यात सुरक्षारक्षक धावत आला. मी स्कूटरची किल्ली स्कूटरलाच ठेवून आलो होतो. ती मी घेतली, बाकावर ठेवली, आणि दोन मिनिटांनी कपाळाचा घाम पुसायला उठलो तेव्हा ती पुन्हा तिथेच राहिली. तो मुलगा, ज्याला त्या वेळी जगातल्या कशातच रस नव्हता, तो हळूच म्हणाला, "सर, किल्ली."

हळूहळू त्याने सांगितलं. त्याने फौजदारकीची पूर्वपरीक्षा दिली होती, ती पास झाला होता. गावी काकांना फोनवर 'पास झालो' एवढंच सांगितलं. पूर्व आणि मुख्य असा भेद काकांना कोण सांगणार? काकांनी चौकात फ्लेक्स लावला. वर मुलाचा फोटो, त्याला दुसऱ्याच कोणाचा तरी खाकी गणवेश चिकटवलेला. खाली काका, काकांचे मित्र, मित्रांची लहान मुलं. 'फौजदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' हे समजलं तेव्हा मुलाने विचार केला, मुख्य परीक्षा पास झालो की फ्लेक्स खरा होईल. चार महिने तो त्या फ्लेक्समागे धावला. परवा निकाल लागला. नापास. आणि येत्या रविवारी गावात सत्कार होता. बँड ठरला होता. आईने सगळ्या भाऊबंदांना निरोप दिले होते.

अक्कांनी तो सरळ प्रश्न विचारला. तो खाली पिशवीकडे बघत 'हो' म्हणाला. केव्हा, हेही सांगितलं. आज.

"बरं झालं, सांगितलंस," अक्का म्हणाल्या. मग त्या उठल्या. डॉक्टरांना फोन करायचा होता, गाडी बोलवायची होती, आणि ते त्याच्यासमोर बोलायचं नव्हतं. मुलाजवळ बसवायला भोवती दुसरं कोणी नव्हतं, म्हणून नेहमीच्या लांबच्या कामगिरीऐवजी नाइलाजाने माझ्यावर जवळची आली. "भाऊ, बसा याच्याजवळ. मी उनू."

बसलो. अक्का ग्रंथालयाच्या कोपऱ्याआड गेल्या. ऊन सरकून बाकावर आलं होतं. मुलाच्या मांडीवर ती जड पिशवी, कपाळावर घाम. मला त्याची कणव आली. एवढ्या मोठ्या दुःखाखाली दबलेल्या पोराला आणखी चार किलो ओझं कशाला? मी हात पुढे केला, पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली आणि अतिशय प्रेमळ आवाजात म्हणालो, "द्या इकडे. तुम्ही मोकळे व्हा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पाणी पिऊन येतो, सर," म्हणाला.

"सावकाश या," मी म्हणालो.

हो, असंच म्हणालो. सावकाश या.

अक्का परत आल्या तेव्हा मी बाकावर एकटा, मांडीवर पिशवी. त्यांनी आधी पिशवी पाहिली, मग मला. 'कुठे गेला?' असं विचारलं. मी म्हणालो, पाणी प्यायला. नळ समोरच होता. नळावर कोणी नव्हतं.

अक्कांचा चेहरा पांढरा झालेला मी तेवढाच एकदा पाहिला. पण आवाज चढला नाही. सुरक्षारक्षकाला मागच्या कुंपणाकडे, वॉर्डनना गच्चीकडे, जोडीदाराला मेसकडे, असं फोन करून मिनिटभरात सगळ्यांना पाठवलं. मी उठायला लागलो तर खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"तुम्ही इथून हलायचं नाही. पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही. तो आला तर त्याला ती लांबून दिसली पाहिजे."

आणि त्या, गुडघे दुखत असताना, फाटकाच्या दिशेने चालायला लागल्या.

मी चाळीस मिनिटं बसलो. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी बसून राहिलोय. त्यातलं हे सगळ्यात कष्टाचं. मला वाटलं, ही शिक्षा आहे. सुरक्षारक्षकालासुद्धा शोधायला पाठवलं आणि मला पिशवी धरायला बसवलं. मनात त्या मुलाचे रिकामे हात येत होते. पदव्या, पदविका, सात प्रमाणपत्रं, आणि एक पिशवी मला पाच मिनिटं त्याच्याकडे ठेवता आली नाही. लांबून महामार्गावरच्या ट्रकांचे आवाज येत होते आणि प्रत्येक हॉर्नला मी मान फाटकाकडे वळवत होतो.

तो आला तेव्हा फाटकाच्या रस्त्याने आला. शर्ट घामाने भिजलेला, बुटांवर धूळ. मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघतच नव्हता. पिशवीकडे बघत होता. बाकाशी येऊन उभा राहिला, हात पुढे केला आणि म्हणाला, "द्या."

मी दिली. त्याने ती मांडीवर घेतली, आत एकदा डोकावून पाहिलं आणि बंद आवळून बसला. मी अक्कांना फोन लावला.

अक्काही त्याच रस्त्याने मागून आल्या. त्या त्याच्यामागे फाटकाबाहेर पोचल्या होत्या, पण त्या महामार्गावर एका बाजूला शोधत असताना तो दुसऱ्या बाजूने परतला होता आणि दोघांची चुकामूक झाली होती. तो महामार्गापर्यंत गेला होता. तिथे किती वेळ उभा होता ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अक्का त्याच्या शेजारी बसल्या. दोघं हळू आवाजात अहिराणीत काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. पण मध्येच अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. तोही किंचित हसला. ताण उतरला की माणसं अशी हसतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. म्हणून मीही हसलो.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला तपासलं, चार दिवस ठेवून घेतलं. आई आली. आईला रडू दिलं, मग अक्कांनी तिला चादर बदलायला लावली, उशी झटकायला लावली. शनिवारी मुलाला विचारून, त्याच्यासमोरच, अक्कांनी काकांना फोन लावला. काका म्हणाले, बँड तर सांगून बसलोय. अक्का म्हणाल्या, बँडवाल्यांना लग्नं पुष्कळ असतात, तुम्हाला पुतण्या एक आहे. रविवारी त्या स्वतः एस.टी.ने त्या गावी गेल्या. फ्लेक्स त्यांच्यासमोर उतरवला. पुढे तो काकांनी कांद्यावर झाकायला घेतला. "उलटा टाका," अक्का सांगून आल्या, "नाहीतर पोराच्या तोंडावर धूळ बसते."

मी मात्र सोमवारी राजीनामा लिहून नेला. चांगला दोन पानी होता. अक्कांनी तो वाचला, घडी केली, आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चाळीस मिनिटं बसलात ना? हलला नाहीत ना? मग झालं." आणि राजीनामा चहाच्या कपाखाली ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यावर तीन वर्तुळं उठली. तसला कागद वर पाठवणं बरं दिसलं नसतं.

काही महिन्यांनी माझी भीड चेपली आणि स्वभाव उसळून वर आला. मी विचार करायला लागलो, की तो मुलगा परत का आला? परत येण्याआधी त्याच्या कानावर पडलेले शेवटचे शब्द कोणाचे? माझे. 'तुम्ही मोकळे व्हा.' 'सावकाश या.' म्हणजे मी त्याच्यावर विश्वास टाकला होता. त्याला मोकळीक दिली होती, आणि त्या मोकळीकीनेच त्याला मागे फिरवलं असणार. पुढे एका कार्यशाळेत मी यावर पाऊण तास बोललो. चूक झाल्याचं कबूल केलं, पण अशा रीतीने, की ऐकणाऱ्याला ती चूक करावीशी वाटावी. अक्का पहिल्या रांगेत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान बोलला भाऊ." आणि पदर तोंडाला लावला. त्यांना खोकला आला असेल, असं मला वाटलं.

अक्का निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं, कुलसचिव बोलले, मी बोललो. जास्तच बोललो. नंतर मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. आता त्या धुळ्याला मुलीकडे राहणार होत्या, तिकडची गाडी यायची होती. फाटकाशी त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि पहिल्यांदा माझ्या हातात दिली.

"इतलं धर. मी उनू."

मलाही अरे-तुरे. मी पिशवी धरून उभा राहिलो. त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. मला वाटलं, पाणी घ्यायला गेल्या असतील. गाडी आली. गेली. रस्ता रिकामा झाला तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं.

फोन केला तर म्हणाल्या, "हो, हो. येते ना. ठेवा तुमच्याकडे." पुढची तीन वर्षं मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करून पिशवीचं विचारायचो आणि त्या 'येतेच' म्हणायच्या. तोवर मी वसतिगृहात जाताना तीच न्यायला लागलो होतो. नेली की बरं पडायचं. फक्त वांगी मला त्यांच्यासारखी निवडता यायची नाहीत. मुलं पिशवी धरायची, आत बघायची आणि "सर, हे किडकं आहे" म्हणायची. तिथून बोलणं सुरू व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत.

गंधमुक्तीला, म्हणजे दिवसकार्याला, मी धुळ्याला गेलो. अंगणात मांडव घातला होता. देवपूरपासून शिरपूरपर्यंतची माणसं आली होती. त्यात पंचविशी-तिशीतली इतकी, की शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, अक्का शाळेत शिक्षिका होत्या का? मी पिशवी बरोबर नेली होती. धुऊन, इस्त्री करून. अक्कांच्या मुलीसमोर धरली आणि म्हणालो, ही त्यांची, माझ्याकडे राहिली होती. तिने बंदावरून हात फिरवला आणि ती परत माझ्याकडे सरकवली.

"राहू द्या. आई म्हणायची, ती पिशवी धरायला दिलीये म्हणून भाऊ अजून नोकरीत आहेत."

मी मांडवाच्या कडेला जाऊन चहा घेतला, डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि रस्त्याला लागलो. कोपऱ्यापर्यंत गेलो असेन, मागून कोणीतरी भराभरा चालत आलं.

"सर, पिशवी."

मी ती चहाच्या टेबलावर ठेवून आलो होतो.

पिशवी घेऊन आलेला तो होता. शिंदखेड्याकडचा. आता अंगाने भरलाय, मिशी ठेवलीय. धुळ्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. दर राखीपौर्णिमेला अक्कांकडे यायचा, म्हणाला. आम्ही कोपऱ्यावरच्या पानटपरीच्या सावलीत उभे राहिलो. थोडं अक्कांबद्दल बोललो. आणि मग, इतकी वर्षं जो प्रश्न मी पाऊण तासाच्या भाषणात स्वतःच सोडवून टाकला होता, तो त्याला विचारला. त्या दिवशी तू मागे का फिरलास? मी काही बोललो होतो, त्याचा काही परिणाम?

तो जरा अवघडला. "सर, तुम्ही काय बोललात ते मला आठवत नाही."

"मग?"

"अक्कांनी पिशवी मला धरायला दिली होती, आणि मी ती तुमच्याकडे देऊन गेलो. हायवेला उभा राहिलो तर डोक्यात एकच. ह्या माणसाने दहा मिनिटांत दोनदा स्वतःची किल्ली सोडली. हा काय पिशवी सांभाळणार?"

त्याने हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजूनही नाहीच सांभाळता येत तुम्हाला."